बालरोगाची एक जागा

“पुढचे दहा जण बाकावर या,” टेबलामागच्या बाई माईकवर म्हणाल्या. फळ्याजवळच्या शिपायानं ओल्या फडक्यानं आणखी एक जागा पुसली.

मी मान उंच करून बघितलं. मिरजेचं स्त्रीरोग गेलं होतं. माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तरी मी उरलेल्या जागा पुन्हा मोजल्या. सकाळपासून प्रत्येक पुसण्याला मी त्या मोजत होते.

एम.बी.बी.एस. झाल्यावर पुढच्या शिक्षणाच्या जागा तेव्हा अशाच वाटत. आता पोरं घरी बसून कॉम्प्युटरवर पसंती भरतात. तेव्हा सगळ्या महाराष्ट्रातले डॉक्टर मुंबईत एका सभागृहात जमायचे, बरोबर आई-बाप, सासरे, झोपेला आलेली लेकरं. समोर भला मोठा फळा, त्यावर गावांची नावं आणि त्याखाली विषय. नंबराप्रमाणे पुकारा व्हायचा. टेबलापाशी जायचं, उरलेल्यातली एक जागा मोठ्यानं सांगायची. सांगितली की पुसली. मग घरी जाऊन रडा नाहीतर पेढे वाटा, शब्द परत घेता येत नसे.

पुकाऱ्याआधी दहा-दहा जणांना नंबरानं एका लांब बाकावर बसवायचे. त्या बाकावर एक रीत होती. पुढच्याला विचारायचं, “तुमचं काय?” आणि पुढच्यानं खरं सांगायचं. परीक्षेत एकमेकांना नोट्स न देणारी माणसंसुद्धा बाकावर खोटं बोलत नसत. पुढचा काय घेणार हे कळल्याशिवाय मागच्याला आपलं ठरवताच यायचं नाही, आणि प्रत्येकाच्या पुढं कुणीतरी होतंच.

मला बाकावर जायला अजून अवकाश होता. पण माझ्या अगदी पुढच्या नंबराचे डॉक्टर कोण ते मी सकाळीच शोधून काढलं होतं. डॉ. ज्ञानोबा केंद्रे, कंधारकडचे. उंच, सावळे, चपलांचे अंगठे शिवून घेतलेले. किनवटच्या बाजूला एका आरोग्य केंद्रावर ते नोकरीत होते. आमच्या जिल्ह्याचेच निघाले म्हणून मला हायसं वाटलं, आणि मी सरळ विचारलं, “तुमचं काय, सर?”

“मेडिसिन,” ते म्हणाले. “कुठलंबी चालंल. मेडिसिन असेपर्यंत मेडिसिन.”

“आणि गेलं तर?”

“गेलं तर बालरोग.” ते हसले. “किनवटला निम्मी ओपीडी लेकरांचीच असते. खरं सांगू का, मला लेकरातच जास्त कळतं. पण घरच्यांना मेडिसिन पाहिजे. तुमचं काय?”

“बालरोग. नांदेड.”

“मग काळजी करू नका. मेडिसिन जात नाही एवढ्यात.”

मी अप्पांना येऊन हे सांगितलं. अप्पा म्हणजे माझे वडील, गुरुनाथअप्पा बिडवई, नांदेडच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे भोंग्यावरून सांगणारा आवाज त्यांचा. तीस वर्षं भोंग्यावर बोलून त्यांना हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. घरात मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं. त्या दिवशी मात्र ते सकाळपासून कुजबुजत होते.

“बरं झालं,” ते म्हणाले. “तुझ्या आईला फोन करून सांगू का?”

“अजून नको, अप्पा. नाव पुकारू दे.”

आईचा उजवा भाग दोन वर्षांपूर्वी लुळा पडला होता. बोलणंही गेलं होतं, दोन-चार शब्द उरले होते आणि त्यातला एक माझं नाव. तिला उचलणं, कूस बदलणं, भरवणं हे सगळं मी करायची. अप्पांची ड्यूटी कधी पहाटेची, कधी दुपारची. मी एकुलती एक. या दोन दिवसांसाठी मावशी येऊन राहिली होती, आणि आई तिच्या हातून घास घेत नव्हती असं काल फोनवर कळलं होतं.

त्यामुळे आमचं ठरलं होतं. नांदेड मिळालं तरच शिकायचं. नाही मिळालं तर काही घ्यायचं नाही, घरातच पुढच्या खोलीत दवाखाना उघडायचा. हे ठरवलं मी. अप्पांनी ते कधीच मान्य केलं नव्हतं, पण वादही घातला नव्हता. लहानपणी मी बाहुल्यांना नाही, गल्लीतल्या खऱ्या लेकरांना तपासायची. कुणाचं पोट दुखतंय, कुणाला खोकला आहे, हे अप्पांना संध्याकाळी सांगायची. त्यांनी ते सगळं लक्षात ठेवलं होतं.

फळ्यावर नांदेडच्या नावाखाली आता तीनच विषय उरले होते. माझा नंबर येईपर्यंत त्यातले दोन जातील हे दिसतच होतं. बालरोगाची जागा एक होती, आणि नांदेडच नव्हे, सबंध राज्यात बालरोगाची तेवढीच उरली होती.

“मी त्या केंद्रेसाहेबांना तुझ्या आईचं सांगू का?” अप्पांनी विचारलं.

“नाही हं, अप्पा. त्यांचा नंबर वर आहे. त्यांचा हक्क आहे.”

“तसं नाही. नुसतं कानावर.”

“कानावर घालणं म्हणजे मागणंच की. तुम्ही कधी कुणाला मागितलंय का काही?”

खरंच त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. आमदारांच्या माणसांनी गाडी पाच मिनिटं थांबवा म्हटलं, तरी ते भोंग्यावरून गाडी सुटल्याचं जाहीर करायचे. त्यापायी दोनदा बदली ओढवून घेतली. मठातल्या स्वामींपुढं तेवढे ते वाकत. बाकी लग्नकार्यात, सत्कारात, साहेब लोकांपुढं त्यांची कंबर कधी दुमडली नाही. आई त्यांना चिडवायची की तुम्हाला वाकवायचं तर आधी तेल घालावं लागेल. तेही हसायचे. मला त्यांच्या ताठ पाठीचा फार अभिमान होता, आणि थोडं हसूही यायचं.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी एक मुलगी टेबलापाशी गेली. तिचं त्वचारोग ठरलेलं होतं, तसं तिनं बाकावर सांगितलंही होतं. पण तिच्या आधीच्याचा विषय ऐन वेळी संपला, म्हणून त्यानं त्वचारोग घेतलं. ती क्षणभर फळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मेडिसिन, औरंगाबाद.”

शिपायानं फडकं फिरवलं. मेडिसिन हा शब्द फळ्यावरून संपला.

मी केंद्र्यांकडे बघितलं. ते भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी डोळे मिटले, एक श्वास सोडला आणि मग माझ्याकडे वळून बघितलं. काही बोलायची गरजच नव्हती. बाकावरच्या रीतीप्रमाणे त्यांनी मला सकाळीच सगळं खरं सांगून ठेवलं होतं.

“जेवून घ्या,” माईकवर बाई म्हणाल्या. “दोन वाजता परत बसू.”

मावशीनं बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मी पिशवीतून काढली. एक तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. अप्पांनी भाकरीला हातही लावला नाही.

“शैला, झालं काय नेमकं? नीट सांग मला.”

“मेडिसिन संपलं. आता केंद्रे सर बालरोग घेतील. त्यांच्यानंतर माझा नंबर. संपलं.”

“घेतीलच?”

“का घेणार नाहीत? त्यांना आवडतं ते. आणि वर नंबर आहे त्यांचा.” मग माझाच आवाज फाटला. “बरं झालं, आईला फोन नाही केला.”

अप्पा उठले. “पाणी घेऊन येतो,” म्हणाले, आणि तांब्या न घेताच गेले.

व्हरांड्याच्या टोकाला पाण्याची सिमेंटची टाकी होती, तिला चार नळ. मी बसले होते तिथून टाकी दिसत नव्हती, नुसता तिथला गलका ऐकू यायचा. मी भाकरी पुन्हा बांधली. शेजारच्या एका बाईंनी विचारलं, कुठला विषय घेणार तुमची मुलगी? त्यांना वाटलं, मी कुणाची तरी आई. दोन वर्षांत माझा चेहरा तसा झाला असेल. मी सांगितलं, अजून ठरलं नाही.

अप्पा आले तेव्हा सुट्टी संपत आली होती. मुंबईला जायचं म्हणून त्यांनी पांढरी पँट स्वतः इस्त्री केली होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर ओले डाग होते, मातकट.

“हे काय झालं?”

“नळ फुटका हाय तिथला. पाणी उडतंय.”

“आणि पाणी कुठंय?”

त्यांनी आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं. “गर्दी लई होती,” म्हणाले. मग माझ्याशेजारी बसले नाहीत. “मी बाहेर गेटापाशी थांबतो. इथं जीव घाबरलालाय माझा. तुझं झालं की ये.”

मी एकटीच आत गेले.

बाकावर केंद्रे माझ्या डाव्या हाताला बसले होते. सकाळी मोकळं बोलणारा हा माणूस आता मान खाली घालून आपल्या चपलांकडे बघत होता. मला वाटलं, माझी जागा आपण घेणार म्हणून त्यांना अवघड वाटतंय. तेवढा चांगुलपणा त्यांच्यात होता हे सकाळीच कळलं होतं. म्हणून मीच म्हणाले, “सर, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा नंबर वर आहे. मनापासून घ्या.”

 हातातला रुमाल त्यांनी एकदा उलगडला आणि पुन्हा घडी घातला.

बाक सरकत गेला. एकेक जण उठायचा, आम्ही एकेक जागा पुढं सरकायचो. फळा मोकळा होत होता. नांदेडखालचे बाकीचे दोन विषय गेले.

“डॉक्टर ज्ञानोबा केंद्रे.”

ते उठले. टेबलापाशी जाऊन उभे राहिले आणि फळ्याकडे बघत राहिले. बाई वाट बघत होत्या. शिपाई फडकं घेऊन बालरोगापाशी आधीच जाऊन उभा होता. दिवसभरात त्यालाही कुणाचं काय जाणार हे कळायला लागलं होतं.

“बोला, डॉक्टर.”

“भूलशास्त्र,” केंद्रे म्हणाले. “यवतमाळ.”

बाईंनी चष्मा वर केला. “बालरोग आहे अजून. फळा बघितलात ना नीट?”

“बघितला.”

“परत बदलता येत नाही.”

“माहीत हाय, मॅडम. लिहून घ्या.”

सभागृहात कुजबुज झाली. शिपाई दोन पावलं सरकला आणि त्यानं यवतमाळखालचं भूलशास्त्र पुसलं. मला उठायचं भान नव्हतं. माझं नाव दोनदा पुकारलं तेव्हा मागच्या मुलानं मला कोपरानं ढोसलं. मी गेले, बोलले, आणि माझ्याच डोळ्यांसमोर नांदेडचं बालरोग पुसलं गेलं. ते आता माझं होतं.

मी केंद्र्यांना जिन्यावर गाठलं. आनंदानं माझी जीभ वळत नव्हती. “सर, असं कसं केलं तुम्ही? तुम्हाला तर लेकरातच जास्त कळतं म्हणालात!”

“यवतमाळला बायकोचं माहेर हाय,” ते म्हणाले. “सोयीचं पडंल.”

“आणि भूल?”

“भूल बरी. पेशंट झोपलेला असतो, कटकट नाही.” हे त्यांनी हसून म्हटलं, पण डोळे हसले नाहीत. मग म्हणाले, “तुमचे वडील कुठं हायत?”

“गेटापाशी. चला ना, भेटा. त्यांना फार आनंद होईल.”

“नको,” ते एकदम म्हणाले. “मला गाडी गाठायचीय. आईची काळजी घ्या.” आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेले. आईचं यांना कुणी सांगितलं, हा प्रश्न मला त्या क्षणी पडायला हवा होता. नाही पडला.

गेटापाशी अप्पा पाठमोरे उभे होते. मी ओरडून सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाले, “झालं ना? चल.” मी पेढे घेऊ म्हटलं तर नको म्हणाले. नंतर आईला फोन लावला तेव्हा मात्र त्यांचा भोंग्यावरचा आवाज परत आला आणि टेलिफोन बूथवाला दचकला.

आई पुढं दीड वर्ष होती. मी वॉर्डातून सायकलवर घरी यायची, तिला भरवायची, परत जायची. शेवटी ती माझ्या मांडीवर गेली. नांदेड नसतं मिळालं तर हे झालं नसतं, किंवा झालं असतं आणि मी आज बालरोगतज्ज्ञ नसते. दोन्ही मला मिळालं.

केंद्रे तीन वर्षं यवतमाळला शिकले आणि आपल्या जिल्ह्यात परतले. नांदेडात त्यांचं नाव झालं. हातात बॅग, स्कूटरवर या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये. सिझेरियन असलं की आम्ही दोघं हमखास भेटायचो. आईची भूल त्यांच्याकडे, पोटातून निघालेलं बाळ माझ्याकडे. बाळ रडलं नाही की त्यांची मान पडद्यावरून माझ्याकडे वळायची. दोनदा तर बाळाच्या श्वासनलिकेत नळी मला जमली नाही ती त्यांनी येऊन घातली. अशा वेळी मला वाटायचं, हा माणूस चुकीच्या बाजूला उभा आहे. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा वहिनींना यवतमाळच्या माहेराबद्दल विचारलं. “यवतमाळ?” त्या म्हणाल्या. “माझं माहेर मुखेडचं.” केंद्रे वरण वाढून घेत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्यांची आणखी एक खोड सगळ्या शहराला माहीत होती. आमच्याकडे खेड्यातली म्हातारी माणसं डॉक्टरच्या पाया पडतात, आणि डॉक्टर लोकांनाही त्याची सवय होते. केंद्रे मात्र कुणी म्हातारं माणूस वाकायला लागलं की चटका बसल्यासारखे मागं सरायचे. एकदा एका आजोबांना त्यांनी अर्ध्यात धरलं आणि स्वतःच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. नर्सेस त्यावरून त्यांना चिडवायच्या.

आणि अप्पा. केंद्रे घरी आले की अप्पा मागच्या खोलीत जायचे. चहा झाला, गप्पा झाल्या, केंद्रे गेले की बाहेर यायचे. मला ते आवडायचं नाही. एकदा मी चिडून म्हणालेसुद्धा, “त्यांच्यामुळं मला जागा मिळाली, अप्पा. निदान नमस्कार-चमत्कार तरी करावा माणसानं.” अप्पा रिकाम्या कपबश्या उचलून आत गेले. पण माझ्या तोंडून केंद्र्यांचं नाव निघालं की हमखास विचारायचे, “त्यांची तब्येत बरी हाय ना?”

“त्यांना काय धाड भरलीय? सदा धावत असतात.”

“नाही, बीपी-बिपी काही? या वयात बघावं लागतं.”

डॉक्टरच्या तब्येतीची एवढी चौकशी करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. मी त्यांची नक्कल करायची.

मागच्या वर्षी अप्पा न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ऐंशीच्या पुढं, हृदय थकलेलं. ऑपरेशन करायचं तर भूल देणारा हात खात्रीचा हवा. मी केंद्र्यांना फोन केला.

“दुसरं कुणी नाही का?” अप्पांनी विचारलं.

“अप्पा, पुरे झालं हं आता. काय खाल्लंय त्यांनी तुमचं?”

“काही नाही,” ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

ऑपरेशन थिएटरात मी मुलगी म्हणून नाही, डॉक्टर म्हणून गेले. तशी परवानगी केंद्र्यांनीच दिली होती. अस्थिरोगतज्ज्ञ बाहेर हात धूत होते. केंद्र्यांनी आधी अप्पांच्या जांघेत एक इंजेक्शन देऊन दुखणं बधिर केलं. आता पाठीच्या मणक्यात भूल द्यायची होती. पण त्यांनी सुई उचलली नाही. हातमोजे काढले, चपला काढल्या, टेबलाच्या पायथ्याशी गेले आणि हिरवी चादर थोडी वर केली.

अप्पांना कळलं. “नको,” ते म्हणाले. पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण मोडलेल्या खुब्याला तो कसा जमावा?

“अप्पा,” केंद्रे म्हणाले, “टाकीपाशी तुम्ही माझ्या पायावर डोकं ठेवलंत, तेव्हा मीबी नको म्हणालो होतो. ऐकलं का तुम्ही?”

मी जिथं होते तिथंच उभी राहिले. अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“हिच्यासमोर कामून काढलात?”

“कुठं काढू? घरी तर तुम्ही भेटतच नाहीत.” मग ते माझ्याकडे वळले. “त्यांनी तुमच्या आईचं सांगितलं. मी तोंडावर नाही म्हणालो, मॅडम. माझा नंबर हाय, मी का सोडू, असंच म्हणालो आणि वळलो. तर हे त्या चिखलात गुडघे टेकून... सगळे बघलाले होते. माझ्या बापाच्या वयाचा माणूस.” त्यांनी चादरीची कड सरळ केली. “लई राग आला होता मला. यवतमाळला पहिलं वर्षभर होता. मग गेला. पण तो नमस्कार काही गेला नाही. मोठ्या माणसाचा तसा ठेवून घेता येत नाही.”

त्यांनी वाकून अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तसेच राहिले. मला त्या पांढऱ्या पँटीवरचे ओले डाग दिसायला लागले. फुटका नळ, गेटापाशी फिरवलेली पाठ, मागची खोली, सगळं मला एकदम दिसलं. कुणापुढं न वाकणारा माझा बाप माझ्यासाठी वाकला होता, आणि मी त्याला नमस्कार-चमत्कार शिकवत होते. मला रडू आलं. तोंडावर मास्क होता हे एक बरं झालं.

अप्पांचा एक हात सलाइनला बांधलेला होता. दुसरा त्यांनी पुढं केला, तो केंद्र्यांच्या डोक्यापर्यंत पोचेना. केंद्रे उठून जवळ आले आणि त्या हाताखाली डोकं धरलं.

“म्हाताऱ्यानं पाया पडलं की समोरच्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात,” अप्पा म्हणाले. “त्या दिवसापासून मला झोप नाही, डॉक्टर. तुम्ही समोर आलात की वाटायचं, काय करून बसलो. दोन लेकरं तुमची.”

“काही झालं नाही मला. बघा की.”

“तब्येत बरी हाय ना?”

“बरी हाय, अप्पा.”

“औक्षवंत व्हा,” अप्पा म्हणाले. भोंग्यावरच्या त्या आवाजात म्हणाले. बाहेर हात धुणाऱ्या डॉक्टरांनी दारातून डोकावून बघितलं.

केंद्र्यांनी नवे हातमोजे चढवले. नर्सच्या मदतीनं आम्ही अप्पांना हळूच उठवून बसवलं आणि मी त्यांच्यासमोर उभी राहिले. मणक्यात सुई घालायची तर पेशंटनं पाठ गोल करून पुढं वाकावं लागतं. हे वाक्य केंद्रे दिवसातून दहादा म्हणत असतील. त्या दिवशी त्यांच्या तोंडून ते निघेना.

“अप्पा,” मीच म्हणाले, “माझ्या अंगावर भार टाका.”

त्यांनी कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं आणि पाठ सैल सोडली. मी दोन्ही हातांनी त्यांना धरून ठेवलं.